कंट्रोल आणि पेव

वऱ्हाडच्या खेड्यांत रास्त भावाच्या दुकानाला रास्त भावाचे दुकान म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. तेथे त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात. सरकारी पाट्यांवर निरनिराळी नावे येऊन गेली; कधी शिधावाटप, कधी स्वस्त धान्य, कधी रास्त भाव. पण वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या बाजूच्या म्हाताऱ्या ‘कंट्रोलात गहू आले काय?’ असेच विचारतात, आणि त्यांच्या नातसुनाही तोच शब्द उचलतात. शब्द इंग्रजी खरा, पण आमच्याकडे तो इतका मुरला आहे की त्याला सासर कोणते आणि माहेर कोणते हे विचारण्याची आता कोणास गरज वाटत नाही. मला मात्र या शब्दाचे कुतूहल फार दिवसांचे. तो आमच्या गावात केव्हा आला, कोणाबरोबर आला, आणि जे काम करायला आला ते त्याने केले की नाही, हे सांगण्यासाठी हा खटाटोप.

३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान दुसऱ्या महायुद्धात ओढला गेला आणि त्याबरोबर हिंदुस्थान संरक्षणाचा कायदा आला. त्या कायद्याखालच्या ८१ व्या नियमाने कोणत्याही मालाचे उत्पादन, वाहतूक, साठा, विक्री आणि भाव यांवर हुकूम चालविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. ऑक्टोबरातच भाव-नियंत्रणाची पहिली परिषद भरली. तशा सहा परिषदा १९४२ पर्यंत भरल्या. परिषदा भरत गेल्या आणि भाव चढत गेले.

योगायोग असा की, त्याच १९३९ साली वाशीम गावात वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट उजेडात आले. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दानपत्रात राजाने ब्राह्मणांना एक गाव दिले आहे, आणि त्या गावाला ज्या सवलती दिल्या आहेत त्यांची यादी मोठी वाचण्यासारखी आहे: गावात शिपायांनी शिरू नये, मिठाचा हक्क सांगू नये, फुले आणि दूध घेऊ नये. सवलत कशातून द्यावी लागते? जे एरवी चालते त्यातून. म्हणजे राजाचा माणूस दुधाच्या चरवीपर्यंत हात घालीत असे, हे त्या तांब्यावर कोरलेले आहे. ‘कंट्रोल’ हा शब्द नवा होता; दाराशी येऊन ‘घरात काय आहे ते दाखव’ म्हणणारे सरकार मुळीच नवे नव्हते.

त्या वेळी वाशीम हा जिल्हा नव्हता. १९०५ पर्यंत ‘बासीम’ नावाचा जिल्हा होता, तो मोडून हा मुलूख अकोला जिल्ह्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा जिल्हा झाला. युद्धकाळात आम्ही ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होतो. काँग्रेसचे मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि नागपुरास गव्हर्नराचा एकहाती कारभार होता. हुकूम सुटत असे तो नागपुराहून अकोल्यास, अकोल्याहून तहसिलीत, आणि तहसिलीतून पाटील-पटवाऱ्याच्या हाती.

व्यापारावर सरकारचा हात पडणे याचाही वऱ्हाडास अनुभव होता, आणि तो हिंदुस्थानात सर्वांत आधीचा होता. आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा हे गाव जैनांच्या पुरातन मंदिरांसाठी आणि नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानासाठी प्रसिद्ध आहे. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव येते ते निराळ्याच कारणाने. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने देशातील पहिला नियंत्रित कापूस-बाजार येथे स्थापन झाला. मग १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. दलालाला परवाना, मापाऱ्याला परवाना, वजने तपासलेली, बाजाराची जागा ठरलेली. वाचायला हे सारे शेतकऱ्याच्या हिताचे वाटते. परंतु मूळ हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा हा होता, आणि बाजार-समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती, शेतकरी नव्हता. १९२८ च्या शेती-विषयक शाही आयोगाने वऱ्हाडच्या या बाजारांची वाखाणणी केली आणि शेतकऱ्याला समितीत जागा नाही हा दोषही दाखविला. त्या आयोगाचे अध्यक्ष होते लॉर्ड लिनलिथगो. तेच पुढे व्हाइसरॉय झाले, आणि युद्धातील कंट्रोलची पहिली चार वर्षे त्यांच्याच सहीने चालली. ज्या माणसाने वऱ्हाडचा बाजार इतका नीट तपासला होता त्याला वऱ्हाडचे घर मात्र ठाऊक नव्हते, असे माझे मत आहे. ते का, ते पुढे येईल.

युद्धाचा पहिला तडाखा आम्हाला बसला तो कापसातून. आमचा कापूस आखूड धाग्याचा. मुंबईच्या बाजारात त्याला ‘ऊमरा’ म्हणत. उमरावतीवरून पडलेले नाव. या कापसाचे मोठे गिऱ्हाईक इंग्लंड नव्हे, जपान. जुलै १९४१ मध्ये जपानची मालमत्ता गोठविण्यात आली आणि तो व्यापार एका झटक्यात बंद पडला. कारंज्याहून मूर्तिजापुराकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला पुढे सगळे ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती खरी कापसासाठीच घातलेली. कापसाला गिऱ्हाईक नसेल तर ती काय वाहणार? जानेवारी १९४२ मध्ये सरकारने परदेशी कापसावर रत्तलामागे एक आण्याचा जादा कर बसवून, आखूड धाग्याच्या शेतकऱ्यांस मदत करण्यासाठी निधी उभारला. त्याबरोबर ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम आली: कापूस काढा, ज्वारी पेरा. हिंदुस्थानातील कापसाखालची जमीन १९४१-४२ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख एकर होती, ती १९४४-४५ मध्ये सुमारे दीड कोटीवर आली. मे १९४३ मध्ये कापसाचा वायदेबाजारही बंद झाला. त्या बंदीने वऱ्हाडातल्या किती पेढ्यांवरची रात्रीची कुजबुज थांबली असेल!

धान्याची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येईनासा झाला. मे १९४२ पासून धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यास परवान्याची सक्ती झाली. डिसेंबरात दिल्लीस स्वतंत्र अन्नखाते निघाले. २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये जे घडले ते सांगण्यास लेखणी धजत नाही. सरकारी चौकशी आयोगाने मेलेल्यांचा आकडा १५ लाख धरला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. सर थिओडोर ग्रेगरी यांच्या समितीने १९४३ च्या अखेरीस ठरविले की लाखावर वस्तीच्या शहरांत माणशी रोज एक रत्तल धान्य द्यावे. १९४६ साली तेच एक रत्तल बारा औंसांवर आले.

शहरांना द्यायचे म्हणजे खेड्यांकडून घ्यायचे. आमचा प्रांत दिल्लीच्या हिशेबात शिल्लक धान्याचा होता.

इथे थोडे आडवळण घेतो. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी, आणि तेही कारंज्यासारख्या जैनांच्या गावाची गोष्ट चालली असता, गोठविलेल्या मांसाचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. पण सरकारी कंट्रोलचा सर्वांत यशस्वी प्रयोग कोठे झाला असेल तर तो विलायतेतील मांसाच्या व्यापारात, आणि आमच्या ज्वारीचे कोडे त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय सुटत नाही.

१८८२ साली ‘ड्यूनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून सुमारे ५,००० मेंढ्यांचे गोठविलेले मांस घेऊन लंडनला पोचले. विषुववृत्त ओलांडून आलेले मांस नासले नाही, हे पाहून व्यापाऱ्यांचे डोळे विस्फारले. तीस वर्षांत हा मोठा धंदा झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या फौजेला मांस हवे, तेव्हा इंग्रज सरकारने एक युक्ती केली: मांस ताब्यात न घेता आधी जहाजांतील थंड कोठड्या ताब्यात घेतल्या. १९१५ पासून न्यूझीलंडचे निर्यातीचे सारे मांस सरकारच विकत घेऊ लागले, ते १९२० पर्यंत. दुसऱ्या युद्धात तर अन्नमंत्रालय हेच परदेशी मांसाचे एकटे गिऱ्हाईक झाले. देशातले हजारो खाटीकखाने बंद करून सुमारे सहाशेच ठेवले. ११ मार्च १९४० पासून शिधा सुरू झाला, आणि मौज अशी की तो वजनाने नसून पैशाने होता: माणशी आठवड्याला एक शिलिंग दहा पेन्सचे मांस. चांगला तुकडा घ्या तर थोडा मिळेल, हलका घ्या तर पुष्कळ. पुढे रक्कम उतरत गेली. १९५१ साली अर्जेंटिनाशी भावावरून तंटा झाला तेव्हा ती आठ पेन्सांवर आली. लोक कुरकुरले, आणि काळा बाजार तेथेही झाला. पण व्यवस्था मोडली नाही.

का मोडली नाही? इंग्रज माणूस जात्याच शिस्तीचा, असे उत्तर आमच्याकडे फार ऐकू येई. मला ते पटत नाही. गोठविलेले मांस लपविता येत नाही, हे खरे कारण. यंत्राची थंडी गेली की दोन दिवसांत ते स्वतःच ओरडून सांगते की मी येथे आहे. ते येते मोजक्या जहाजांतून, उतरते मोजक्या धक्क्यांवर, राहते मोजक्या शीतगृहांत. दारे थोडी, प्रत्येक दाराशी एक कारकून बसविला की झाले.

आता आमची ज्वारी पाहा.

वाचकांपैकी तरुण मंडळींनी पेव पाहिले नसेल. गावाची जमीन दोन प्रकारची असते, काळी आणि पांढरी. काळीत पिकते, पांढरीत माणसे राहतात. काळ्या मातीत ओल टिकते म्हणून तिच्यात धान्य पुरता येत नाही. पांढरीत, जेथे खाली घट्ट मुरूम लागतो तेथे, घागरीच्या आकाराचा खड्डा खणीत. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मोठे. आत कडबा आणि भूस लावून कित्येक खंडी ज्वारी ओतीत आणि तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकीत. वरून अंगण सारवले की खाली काय आहे ते घरच्या माणसालाच ठाऊक. ज्वारी अशी दोन-दोन, तीन-तीन वर्षे राही. थोडी पिवळी पडे, तिला एक आंबूस वास येई. पण दुष्काळात तो वास कोणाला खटकला नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला होता, आणि त्याची धास्ती घराघरांत पेवाच्या रूपाने पुरून ठेवलेली होती.

आमच्या वाड्यातही एक पेव होते. ते उघडण्याचा विधी आजोबा सांगत. सकाळी तोंड मोकळे करायचे आणि दुपारपर्यंत कोणी जवळ जायचे नाही. आत कोंडलेली हवा विषारी. मग दोराने पेटता दिवा खाली सोडायचा; दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. दिवा तेवला तर आधी मुकादम, मग मजूर. हे ऐकून माझ्या मनात नेहमी येई की, ज्या सरकारला पेवात काय आहे ते पाहायचे होते त्याच्याकडे तसा दिवा नव्हता.

त्याच्याकडे होते पेरेपत्रक. वऱ्हाडात रयतवारी, पटवाऱ्याच्या दप्तरात कोणत्या सर्व्हे नंबरात किती एकर ज्वारी, किती एकर कापूस, हे सालोसाल लिहिलेले. आणेवारीवरून पीक किती आले याचा अंदाज निघे. त्या अंदाजातून घरखर्च वजा करून उरलेले ते ‘शिल्लक’. कागदावर हा हिशेब बिनतोड आहे. पण सरकारला पेरा ठाऊक होता, पेव ठाऊक नव्हते. कापूस घरात ठेवून काही उपयोग नाही. तो जिनाला गेलाच पाहिजे, बाजारात आलाच पाहिजे, गासडी होऊन रुळावर चढलीच पाहिजे. कापसाला मांसासारखीच थोडी दारे. म्हणून कारंज्याचा बाजार १८८६ साली कायद्याच्या चौकटीत बसू शकला. ज्वारीला मात्र जितकी घरे तितकी दारे, आणि तीही जमिनीखाली.

शिवाय खेड्यातली निम्मी ज्वारी बाजाराचे तोंडच पाहत नसे. सालदाराचे साल ज्वारीत ठरे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांचे बलुते खळ्यावरच मोजले जाई. बियाणाला दिलेली ज्वारी सवाई-दिढीने परत येई. या देवघेवीत भाव कोठेच नाही. मग भावाचा कंट्रोल कोणावर चालायचा? सरकारने भाव बांधला तो विकल्या जाणाऱ्या धान्याचा, आणि भाव बांधताच विकायला येणारे धान्यच आटले. याची झळ ज्याचे पेव होते त्याला बसली नाही. सालदारालाही फारशी नाही. त्याचे कुडव ठरलेले होते. झळ बसली रोजाने जाणाऱ्या माणसाला. कापूस वेचणारी बाई दिवसभर वेचून रोख पैसे घरी आणी आणि त्या पैशाची ज्वारी घ्यायला निघे, तर दुकानदार म्हणे, माल नाही. माल होता. तिच्याच पायाखालच्या पांढरीत होता. अडल्या वेळी ती वाड्याच्या मागच्या दाराशी जाई, आणि तेथे जो भाव असे तो कोणत्याही हुकुमात छापलेला नसे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला म्हणजे सहज वापरतो. ज्या घरात पेव नव्हते त्या घरात तो कसा ऐकू येत असेल, याचा विचार कोणी केलेला मला तरी माहीत नाही.

आमच्या तालुक्याला आणखी एक दार होते, आणि ते फार मोठे होते: पैनगंगा. नदीच्या या काठाला इंग्रजांचे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. हिंगोली तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच होते आणि १९३६ च्या करारानंतर तो ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ अशी पदवी लावी. पण कारभार वेगळा, कायदा वेगळा, पलीकडे चलनसुद्धा हाली सिक्क्याचे. तिकडे सक्तीची लेव्ही निराळी, इकडचे परवाने निराळे. सोयरीक मात्र दोन्ही काठांची एक. लेकीच्या घरी दोन पोती ज्वारी पाठवणे ही शतकांची रीत. ती १९४३ साली चोरटी निर्यात ठरली. वाशीमला त्या काळी रेल्वे नव्हती. खांडवा-हिंगोली मार्ग स्वातंत्र्यानंतरचा. रेल्वेच्या स्टेशनवर पोती मोजता येतात. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीतून रात्री उतरणाऱ्या बैलगाड्या कोण मोजणार? बैलांच्या गळ्यांतली घुंगरे काढून ठेवली की झाले.

घरातल्या बायकांना कंट्रोल समजला तो मात्र ज्वारीपेक्षा साखर, रॉकेल आणि कापडातून. साखरेवर १९४२ त नियंत्रण आले, गुळावर पुढल्या वर्षी. जून १९४३ च्या हुकुमाने गिरण्यांना कापडावर किमतीचा शिक्का मारणे भाग पडले. आमच्या आजीच्या पेटीत त्या वेळचे एक लुगडे होते. शिक्का धुऊनही पुरता गेला नव्हता, आणि ती तो पदराआड येईल अशा बेताने नेसे. सुट्या नाण्यांचीही अशी टंचाई की १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा निघाला. तांबे वाचावे म्हणून सरकारने भोक पाडले. पोरांनी दोऱ्यात ओवून त्याच्या माळा केल्या. दिवाळीला करंजीचे सारण गोड करायचे तर महिनाभर चहात साखर कमी घालायची. दिव्यांचे तेलही जपून. त्या वर्षांत कित्येक घरांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारात एकच पणती ठेवली, आणि तीही लवकर मालवली.

युद्ध संपले तरी कंट्रोल संपला नाही. १९४६ साली त्याला नवा कायदा मिळाला. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभांतून नियंत्रणे उठवा म्हणून आग्रह धरला. ही नियंत्रणे माणसाला अप्रामाणिक आणि परावलंबी करतात, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर १९४७ मध्ये ती सैल झाली. भाव भडकले; १९४८ च्या शरदात ती पुन्हा आली. अखेर १९५२ मध्ये मद्रासेत राजाजींनी आणि दिल्लीत रफी अहमद किडवई यांनी दोर सैल सोडायला आरंभ केला. पिके चांगली आली, हे किडवईंचे भाग्य. पण पेवातले धान्य हुकुमाने वर येत नाही, भीती गेली की आपोआप वर येते, हे ओळखण्यात त्यांची अक्कलही होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

तारखा पाहा. ४ जुलै १९५४ रोजी विलायतेत मांसाचे शिधावाटप संपले. लोकांनी शिधापत्रिका फाडल्या, जाळल्या. १० जुलै १९५४ रोजी हिंदुस्थानात तांदळावरचे शेवटचे नियंत्रण उठले. एकाच आठवड्यात दोन्ही देश मोकळे झाले. एकाने चौदा वर्षे बंद दारांची व्यवस्था यशस्वीपणे चालविली, दुसऱ्याने उघड्या दारांशी झगडून अकरा वर्षांत दम टाकला.

तरीही आमच्याकडे ‘कंट्रोल’ राहिला, तो कसा? त्याचे उत्तर मला माझ्या लहानपणात सापडते. १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला आणि परदेशी धान्य जहाजांनी येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळात आली ती तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना चिरे, आणि थंड झाली की चामड्यासारखी होई. आई ती करताना तोंडाने काही बोलत नसे, पण परातीचा आवाज पुष्कळ बोले. कंट्रोलच्या दुकानासमोर पिशव्यांची रांग लागे. माणसे सावलीला आणि पिशव्या उन्हात. त्या रांगेत एकदा एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले होते, ‘हे कुठून येते रे?’ मी म्हटले, जहाजातून. तो म्हणाला, ‘मंग बरोबर हाय. जहाजाले पेव नसते.’

अर्थशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी त्यानंतर वाचली. ही गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत कोठे आढळली नाही.

पेवे आता नाहीत. ज्वारी मागे पडली, काळीत सोयाबीन आले, कारंज्याच्या बाजारातही सोयाबीनच्याच राशी अधिक. शकुंतला थांबली आहे. पांढरीतल्या पेवांत केरकचरा टाकून ती बुजवली, त्यांवरून सिमेंटचे रस्ते गेले, न्हाणीघरे उठली. कोठे कोणाचे पेव होते हे सांगणारी माणसेही उरली नाहीत. पण मोठा पाऊस झाला की आजही कोणाच्या तरी अंगणात जमीन एकदम खचते, गुरे बांधायचा खुंटा आत जातो, आणि शेजारपाजारची पोरे गोळा होऊन त्या काळोख्या तोंडाशी वाकून पाहू लागतात. तेव्हा कोणी तरी म्हातारी घरातून ओरडते, ‘दूर व्हा रे पोराहो, आधी दिवा सोडा!’